कलमापासून खिशापर्यंत : घडीच्या चाकूचे गणित

पावसाने जोर धरला की रत्नागिरी जिल्ह्यातील आंब्याच्या रोपवाटिकांमध्ये कलमे बांधण्याची लगबग सुरू होते. हंगाम संपताना पेरलेल्या कोयींमधून तोवर तांबूस पानांची कोवळी रोपे वर आलेली असतात. जेमतेम दोन आठवड्यांच्या अशा रोपाचा शेंडा छाटायचा, उरलेल्या खुंटाला मधोमध उभा काप द्यायचा, हापूसच्या मातृवृक्षावरून आणलेल्या काडीचे खालचे टोक पाचरीसारखे तासायचे, ती पाचर कापात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. कोय कलमाची ही पद्धत दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या प्रयत्नांमुळे कोकणात घरोघरी पोहोचली. ऐकायला ती सोपी वाटते. पण कलम जगणार की मरणार, याचा निकाल बव्हंशी एका साध्या वस्तूवर अवलंबून असतो. ती वस्तू म्हणजे कलमे बांधणाऱ्याच्या हातातील घडीचा चाकू.

शहरातील दुकानांत आणि इंटरनेटवरील बाजारात सध्या सडपातळ, वजनाला हलक्या, खिशात सहज मावणाऱ्या चाकूंची मोठी चलती आहे. बंद केल्यावर हे चाकू एखाद्या जाड पेनाएवढे दिसतात आणि त्यांतील काहींचे वजन पन्नास ग्रॅमच्याही आत असते. इतक्या कमी धातूत चाकू तयार होतो कसा, आणि वजन घटवताना नेमके काय गमवावे लागते, हे समजून घ्यायचे तर रत्नागिरीच्या रोपवाटिकेइतकी चांगली शाळा नाही.

काडीच्या सालीखाली वाढणाऱ्या पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. काडीतला हा थर आणि खुंटातला थर एकमेकांना चिकटले, तरच जोड सांधतो. त्यासाठी दोन्ही काप आरशासारखे सपाट हवेत. नेहमीच्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार देऊन धार काढलेली असते. असे पाते लाकडातून जाताना किंचित इकडेतिकडे भरकटते आणि काप लहरी पडतो. म्हणून कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार लावतात. दुसरी बाजू पूर्ण सपाट असते, आणि ती रंध्याच्या तळासारखी काडीवर टेकून पुढे सरकते. साहजिकच उजव्या हाताने काम करणाऱ्याचा चाकू डावखुऱ्याला चालत नाही. काप बिघडला तर ते त्याच क्षणी कळतही नाही. काडीला नवी पालवी फुटते की ती काळी पडते, हे समजायला काही आठवडे जावे लागतात, आणि तोपर्यंत कोवळ्या रोपांचा काळ उलटून गेलेला असतो. म्हणजे चुकलेल्या कापाची किंमत एका वर्षाची असते.

अनेक ठिकाणी चाकूऐवजी दाढीचे पाते वापरले जाते. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते, त्यामुळे ते कोवळ्या खुंटात लोण्यातून जावे तसे जाते. हलकेपणाच्या शर्यतीत त्याला तोड नाही. परंतु काडी जरा जून निघाली की ते वाकते, त्याला मूठ नसते, आणि दिवसाअखेरीस कारागिराच्या अंगठ्यावर त्याच्या खुणा उमटलेल्या असतात.

येथे शब्दांचा एक गमतीदार योग सांगण्याजोगा आहे. 'कलम' म्हणजे लेखणी आणि 'कलम' म्हणजे बांधलेले रोप, हे दोन्ही अर्थ मराठीत सुखाने नांदतात. दोन्हींच्या मुळाशी छाटण्याची क्रिया आहे. बोरूचे टोक छाटण्यासाठी लहान चाकू लागत असे, आणि फारसीत त्याला 'कलमतराश' असे नाव होते. इंग्रजीतील 'पेननाइफ' हा शब्दही पिसाची लेखणी तासण्याच्या गरजेतूनच आला. खिशातला चाकू मुळात कारकुनाचे आणि बागाईतदाराचे हत्यार होते. त्याची गुंडांशी सांगड बरीच उशिरा, आणि आपल्याकडे मुख्यतः हिंदी चित्रपटांतील 'रामपुरी'मुळे घातली गेली.

घडी आली, अडचणही आली

पाते मुठीत मिटवून ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे हाडाची मूठ असलेला घडीचा चाकू सापडला असून तो इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. मराठी घरात तर घडीची दोन हत्यारे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. पहिले न्हाव्याचा वस्तरा. त्यात ना कमान, ना खटका; पाते मागे लांबवलेले असते आणि त्या शेपटीवर बोट ठेवूनच ते आवरायचे असते. दुसरे म्हणजे घडीची विळी. पाटावर पाते आडवे पडले की ती कोपऱ्यात उभी करून ठेवता येते आणि रांगत्या मुलाला इजा होत नाही. विळीत पाते स्थिर असते आणि नारळ, भाजी किंवा मासळी त्याच्याकडे न्यायची असते. वजनाचा प्रश्न पाट सोडवतो. खिशातल्या चाकूला पाट नाही. सगळा भार हाताला आणि एका बारीक खिळ्याला सोसावा लागतो.

हा भार किती असतो, ते साध्या हिशेबाने पाहता येईल. पाते ८० मिलिमीटर लांब आहे आणि त्याला उघडे धरून ठेवणारा खटका बिजागरीच्या खिळ्यापासून ८ मिलिमीटरवर टेकतो, असे समजू. टोकावर पाते मिटण्याच्या दिशेने पाच किलोचा दाब आला, तर खटक्यावर पन्नास किलोचा दाब येतो. याच प्रमाणात उलटेही घडते. खटक्यापाशी केवळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट राहिली, तर टोक एक मिलिमीटर हलते. स्वस्त चाकू हातात घेतल्यावर पाते 'डुगडुगते' असे जे जाणवते, ते हेच. कंपनीच्या जाहिरातीत पोलादाचे नाव ठळक अक्षरांत असते. पण चाकूचा खरा कस बिजागरीच्या त्या काही मिलिमीटरांत लागतो.

हा पेच वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला. सतराव्या शतकापासून इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवायला सुरुवात केली. कमान पात्याच्या टाचेवर दाब देते, त्यामुळे पाते उघडे असताना उघडे आणि मिटल्यावर मिटलेले राहते. मात्र याला कुलूप म्हणता येत नाही. जोर लावला की पाते मिटते. फळ सोलताना, दोरा कापताना किंवा काडी तासताना हे पुरते, कारण धारेवर येणारा दाब पात्याला अधिकच उघडण्याच्या बाजूने ढकलतो. धोका उद्भवतो तो पाते लाकडात अडकल्यावर ते हिसकून काढताना, किंवा टोकाने भोक पाडताना. अशा वेळी पाते बोटांवर मिटते. फ्रान्सच्या साव्हाय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा जो स्वस्त शेतकरी चाकू बनवला, त्यातही हीच उणीव होती. ती १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल याने दूर केली. त्याने बिजागरीभोवती एक फिरती पत्र्याची कडी बसवली. कडी फिरवली की पाते अडते. त्या चाकूचा आठ क्रमांकाचा नमुना साडेआठ सेंटिमीटर पात्याचा असून त्याचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. आज 'आधुनिक' म्हणून मिरवणाऱ्या कित्येक चाकूंना इतके कमी वजन साधलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर याचे १८९७ मधील डोके आणखी वेगळे. त्याने आपल्या अधिकारी चाकूत एकाच कमानीवर दोन्ही बाजूंची हत्यारे तोलली. एक कमान वाचली, तेवढी जाडी वाचली आणि वाचलेल्या जागेत बूच काढण्याचा स्क्रू मावला. वजन कमी करण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग म्हटला पाहिजे. धातू झिजवायचा नाही. एका भागाकडून दोन कामे करून घ्यायची.

आजचा सडपातळ चाकू याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने मुठीच्या आतल्या पातळ पत्र्यालाच कमान केले. पाते उघडले की हा पत्रा आत सरकून टाचेमागे उभा राहतो, आणि मिटवायचे तर अंगठ्याने तो बाजूला सारावा लागतो. मुठीच्या पाठीतली जाड कमान त्यामुळे अनावश्यक ठरली. १९८७ मध्ये ख्रिस रीव्ह या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील कारागिराने आतला पत्राही काढून टाकला आणि मुठीची एक बाजू चिरून तीच कमान म्हणून वापरली. एक थर पुन्हा कमी झाला. शिवाय चाकू घट्ट धरला की आपली बोटेच त्या कमानीला टाचेवर दाबतात, म्हणजे पकड जितकी आवळावी तितके कुलूप पक्के होते. मूठ टायटॅनियमची केली तर वजन आणखी उतरते. पोलादाच्या एका घनसेंटिमीटरचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, टायटॅनियमचे ४.५ आणि ॲल्युमिनियमचे २.७. काचतंतू मिसळलेले नायलॉन त्याहूनही हलके. काही उत्पादक मुठीचा केवळ सांगाडा ठेवतात आणि त्याला मोठमोठी भोके पाडतात.

पातळपणाची किंमत

पात्याच्या बाबतीत हिशेब जरा निर्दय आहे. पात्याची जाडी तीन मिलिमीटरवरून दोनवर आणली, तर वजन एक तृतीयांशाने घटते. पण त्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. पातळ पाते कापते मात्र सुरेख. गाजर किंवा कच्ची कैरी जाड पात्याने कापली की फोड शेवटी 'कट्' असा आवाज करून फुटते. पातळ पाते अखेरपर्यंत कापत जाते. म्हणून पातळ पाते कापण्यासाठी, आणि जाड पाते पिळण्या-उचकटण्यासाठी, ही विभागणी पाळावी लागते. पत्र्याचा डबा उघडताना सडपातळ चाकूचे टोक मोडले, तर दोष चाकूला देता येणार नाही.

मुठीचे दुखणे त्याहून अधिक आणि त्याची चर्चा त्याहून कमी. आठ-नऊ मिलिमीटर जाडीची मूठ खिशात सुखावह असते. पण तोच जोर अरुंद कडेवर एकवटल्याने तळहाताला ती रुतते. दिवसाकाठी एक सफरचंद कापणाऱ्याला याची जाणीवही होणार नाही. दिवसभर काड्या तासणाऱ्याला पहिल्या तासातच होते. कलमाच्या चाकूची लाकडी मूठ तळहात भरेल इतकी गोलसर ठेवतात, ती याच कारणासाठी. त्याचे पाते छोटे, सरळ आणि पातळ असते. हलकेपणा तेथे साधतात आणि मुठीत तो मुद्दाम सोडून देतात. सुबक छायाचित्र पाहून चाकू मागवणाऱ्या शहरी ग्राहकाने निदान ही तडजोड तरी पाहून घ्यावी. पाच बोटांपैकी किती बोटे मुठीवर मावतात, हा प्रश्न वजनाच्या आकड्याआधी विचारायला हवा.

खिशाला अडकवण्याची चिमटीही आता बहुतेक चाकूंना असते. १९८१ मध्ये स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने ती, आणि एका हाताने पाते उघडण्यासाठी पात्यातले गोल भोक, या दोन्ही गोष्टी एकाच चाकूत आणल्या. चाकू खिशाच्या तळाशी आडवा न पडता कडेला उभा राहतो आणि पटकन हाती येतो. कोकणी माणसाला यात नवल वाटू नये. कमरेच्या आकडीला मागे कोयता अडकवून माडावर चढणाऱ्याने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे.

खारी हवा आणि कैरीचा चीक

चाकूला रत्नागिरीची हवा मानवत नाही. समुद्रावरून येणारी खार आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा पोलादाला ग्रासतो. कोयते आणि विळे घडवणारे लोहार बहुधा ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतात. या पोलादात कर्ब सुमारे ०.६ टक्के असतो. ते चिवट असते, धार छान घेते, पण गंजते. कैरी कापताच पाते काळपट पडते, ते फळातल्या आम्लामुळे. ही काळी झाक निरुपद्रवी असते; लाल गंज मात्र धार खातो.

न गंजणाऱ्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असावे लागते. क्रोमियम पृष्ठभागावर अदृश्य असा एक थर धरते आणि तो थर आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. परंतु 'स्टेनलेस' या शब्दावर किनारपट्टीत फार विसंबू नये. मिठातील क्लोराइड त्या थराला बारीक बारीक भोके पाडते, आणि त्याला सर्वांत सोयीची जागा म्हणजे बिजागरीतील अंधारी फट. तेथे ओल साचते, पुसता येत नाही आणि दिसतही नाही. समुद्रावर वापरायच्या काही महागड्या चाकूंच्या पोलादात म्हणूनच कर्बाच्या जागी बव्हंशी नायट्रोजन वापरतात. लाकडी मुठीचे आणखी वेगळेच. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगते आणि पाते इतके आवळते, की चाकू उघडताना नख तुटते. फ्रान्सच्या डोंगरातला चाकू आषाढातल्या रत्नागिरीत का रुसतो, त्याचे उत्तर एवढेच आहे.

मिरकरवाडा बंदरासारख्या ठिकाणी घडीच्या चाकूला वावही कमीच. खवले, वाळू आणि खारे पाणी बिजागरीत शिरले की ती अडते. मासळीच्या कामाला एकसंध पाते हवे. ते धुतले की स्वच्छ होते. ज्याला सांधा नाही त्याचा सांधा बिघडत नाही, हा नियम आरेखनात नेहमीच खरा ठरतो.

अवजार की हत्यार?

चाकू विकत घेणाऱ्याच्या मनात आणखी एक शंका असते आणि ती गैर नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील २०१६ च्या नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गवारीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. स्वयंपाकघरातली विळी आणि माडावरचा कोयता या अपवादामुळेच सुटतो. तीन इंची पात्याचा खिशातला चाकू या मापांच्या बराच आत बसतो.

पण तेवढ्यावर निर्धास्त होणे बरे नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये सण, निवडणुका, मोर्चे अशा प्रसंगी प्रशासन जो मनाई आदेश काढते, त्याखाली ज्या वस्तू बाळगण्यास बंदी घालता येते त्यांत तलवारी, भाले, बंदुका, काठ्या यांच्याबरोबर 'सुरे' हा शब्दही आहे, आणि तेथे पात्याच्या लांबीचे माप दिलेले नाही. जिल्हा प्रशासनाचे असे आदेश वृत्तपत्रांत लहानशा चौकटीत येतात आणि बहुतेक वाचक ते वाचत नाहीत. कलमाचा चाकू रोपवाटिकेत अवजार असतो. तोच चाकू मनाई आदेश लागू असताना मिरवणुकीत खिशात सापडला, तर खुलासा करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येऊन पडते. खटक्यासरशी आपोआप उघडणारा, म्हणजे बटणाचा चाकू असेल तर संशय अधिकच बळावतो. विमानात तर कोणताही चाकू हातातल्या सामानात नेता येत नाही; तो तपासणीसाठी सोपवलेल्या बॅगेतच ठेवावा लागतो. गावाहून परतताना आंब्याच्या पेटीसाठी घेतलेला चाकू खिशातच विसरणाऱ्यांना तो विमानतळावर सोडून द्यावा लागतो.

दुकानात चाकू पाहताना पाते उघडून टोक दोन बोटांत धरावे आणि आडवे हलवून पाहावे. डुगडुगत असेल तर परत ठेवावे. मग बोटे धारेच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हळूच दाबावी. खटका तेवढ्याने सुटला, तर तो चाकू कितीही देखणा असला तरी घेऊ नये. बिजागरीचा खिळा स्क्रूचा असेल तर उत्तम, कारण तो पुढे आवळता आणि खोलून पुसता येतो. रिव्हेट मारलेला सांधा ढिला झाला की बहुधा ढिलाच राहतो.

रोपवाटिकेत काम संपल्यावर चाकूच्या पात्यावरचा चीक लगेच पुसतात, कारण वाळल्यावर तो डिंकासारखा चिकटतो. रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जाऊ नये, म्हणून स्पिरिटचा बोळाही फिरवतात. घरात हाताशी असते म्हणून पुष्कळजण पात्याला खोबरेल तेल लावतात. पात्याला ते चालते, पण सांध्यात ते काही दिवसांनी चिकट होऊन बसते. सांध्यासाठी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. तो सोडून पाते चार-पाच वेळा उघडझाप करायचे, बाहेर आलेले काळे तेल फडक्याने टिपायचे आणि चाकू कोरड्या डब्यात मिटवून ठेवायचा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावे लागते. दिवाळीनंतर महिन्यातून एकदा केले तरी भागते.